अकरा हजार चारशे

चष्मेकाकांना उघडी राहिलेली वस्तू सहन होत नसे. कपाटाचं दार, डब्याचं झाकण, कात्री, दुसऱ्याची छत्री, काहीही असो, हात आपोआप जायचा आणि ती मिटायची. एकदा बँकेत शेजारच्या बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला, तर काकांनी त्याच्या काड्या मिटल्या, काचा सदऱ्याच्या टोकाने पुसल्या, चष्मा त्याच्या घरात घातला आणि खट्कन झाकण लावलं. बाई दहा मिनिटं चष्मा शोधत होत्या. काकांच्या ध्यानीमनीही नव्हतं. चाळीस वर्षं चष्म्याच्या दुकानात मागच्या टेबलाशी बसून माणसाने फ्रेमा सरळ केल्या, तर दुसरं काय होणार? गिऱ्हाईकाला चष्मा द्यायचा म्हणजे आधी मिटायचा, घरात घालायचा, खट् वाजवायचं आणि मग द्यायचा. हाताला लागलेलं वळण ते, डोक्याला विचारत बसत नाही.

घरात ते आणि त्यांची मोठी बहीण, दोघंच. ताई बारा वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा हे चार वर्षांचे होते आणि ताईने शाळा सोडून शर्टांची काजं करायला घेतली. लहानपणी तिला देवी आल्या होत्या. तोंडभर वण राहिले आणि डाव्या डोळ्यात फूल पडलं. पुढे उजवाही अधू झाला आणि जाड भिंगाचा चष्मा लागला. तो बनवायला गेली तेव्हा दुकानदाराला म्हणाली, "माझ्या धाकट्याला ठेवून घ्या, हात फार हलका आहे त्याचा." तेव्हापासून ती त्यांना 'धाकट्या' म्हणायची आणि सत्तरीला टेकलेला धाकट्या निमूट ओ द्यायचा.

ताईचा फोटो नव्हता. फोटो म्हटलं की ती पाठ फिरवायची, आणि नुसती नाही, चक्क उठून जायची. आतेबहिणीच्या लग्नाच्या फोटोत सगळं घराणं ओळीने उभं आहे आणि कडेला एक पाठ आहे, ती ताई. सरकारी कागदासाठी एकदा नाइलाजाने बसली, त्यात भिंगांवर उजेड पडून डोळ्यांच्या जागी दोन पांढऱ्या चकत्या आल्या. ताई म्हणाली, "हा बरा आहे. यात मी नाहीच." काकांनी तिला कितीदा समजावलं. शेवटी हात टेकले.

आता असा माणूस मोबाईलच्या कंपनीत कसा शिरला, तेही सांगतो. दुकान बंद झाल्यावर काका घरी बसून ताईचं डोकं खात होते. एक दाढीवाला इंजिनिअर पूर्वी दुकानात चष्म्याचे बारीक स्क्रू न्यायला यायचा, तो एक दिवस पत्ता शोधत घरी आला. त्याची लहानशी कंपनी म्हाताऱ्या माणसांसाठी घडीचा मोबाईल काढणार होती. स्वस्त, कॅमेऱ्यासकट, उघडला की फोन घ्यायचा, मिटला की ठेवायचा. "काका, बिजागरी तुमच्याएवढी कोणाला कळते? शिवाय वयही बरोबर आहे," तो म्हणाला. काम एवढंच होतं, की नमुना घरी न्यायचा, महिनाभर वापरायचा आणि काय चांगलं, काय वाईट ते छापील फॉर्मात भरायचं.

फॉर्म कसला, काका त्याला चार पानं जोडायचे! झाकणाला नखाची खाच उजवीकडे आहे, डावरा माणूस काय दाताने उघडणार? पाचच्या बटणावरचा ठिपका बोटाला लागतो, फार छान, पण कॅमेऱ्याचं बटण अंगठ्याच्या वाटेत आहे, त्यामुळे माझ्याकडे माझ्याच गुडघ्याचे सव्वीस फोटो जमले. रंग काळा नको, काळ्या पिशवीत सापडत नाही. मिटल्याचा आवाज उत्तम, हा बदलाल तर याद राखा. कंपनीत दुपारच्या चहाला त्यांची पानं मोठ्याने वाचली जायची म्हणे. काकांना हे कळलं तेव्हा ते वरवर रागावले आणि पुढच्या वेळी पाच पानं लिहिली.

त्या पहिल्या फेरीत त्यांनी आणखी एक गोष्ट लिहिली आणि तिच्याखाली दोनदा रेघ ओढली. फोनला दारं फार आहेत. फोटो साठवायचं कार्ड घालायची फट आहे, ती म्हाताऱ्यांना दिसत नाही, कार्ड मात्र हरवतं. वायर खुपसायचं भोक आहे, माझ्या बहिणीने त्यात सुई घातली. इंटरनेट आहे, ब्लूटूथ आहे, ते चुकून चालू होतं आणि माणूस घाबरतो. ही सगळी दारं बंद करा, फोन नुसता स्टँडवर ठेवला की चार्ज व्हावा. दाढीवाल्याने त्यांना मिठीच मारली. एवढे भाग कमी झाले म्हणजे फोन आणखी स्वस्त पडणार होता. सहा महिन्यांनी दुसऱ्या फेरीचा नमुना आला, तो साबणाच्या वडीसारखा गुळगुळीत होता. कुठे फट नाही, भोक नाही. फक्त काळा रंग तसाच होता. काकांनी तो ताईच्या हातात दिला. "बघ, तुझा धाकट्या म्हणाला आणि त्यांनी केलं." ताईने तो चाचपला. "अरे, हे तर चष्म्याचं घर," ती म्हणाली.

पण या फेरीत घोडं बिजागरीपाशी अडलं. काकांनी हा नमुना रोज दिवसभर उघडमीट करून पाहिला आणि दर शंभराला वहीत एक रेघ मारली. अकरा हजार चारशेच्या सुमाराला पडद्यावर एक पांढरी उभी रेघ आली. मग अर्धा पडदा गेला, मग सगळाच. बिजागरी ठणठणीत होती. तिच्या आतून पडद्याकडे जाणारी कागदासारखी पट्टी घासून तुटली होती. काका तो नमुना घेऊन तडक कंपनीत गेले. तिथे काचेच्या पेटीत एक यंत्र तसाच एक नमुना उघडत मिटत बसलं होतं आणि त्याने लाखाचा आकडा गाठला होता.

"तुमचं यंत्र झाकण सरळ उचलतं," काका म्हणाले. "माणूस अंगठ्याने एका कोपऱ्यातून उचलतो. झाकण जरासं पिळतं, आणि पट्टी घासते. चष्मासुद्धा असाच एका हाताने काढून काढून मोडतो."

दाढीवाल्याला पटलं. त्याच्या साहेबांना नाही पटलं. एवढ्या स्वस्त फोनला कोण इतकं उघडणार, वर्षभर चालला तरी खूप झालं, असं त्यांचं म्हणणं. काका इरेला पेटले. आणखी एक नवा नमुना मागून आणला आणि घरी येऊन पुन्हा एकपासून सुरू केलं. जाता येता, खाता पिता, नुसतं खट्, खट्. ताई वैतागायची. "अरे, टाळकं फिरलं माझं! गोगलगाय तरी पाळ, आवाज करत नाही." मग मात्र त्या आवाजावरच तिला दुपारची डुलकी लागायची, आणि आवाज थांबला की जागी होऊन विचारायची, "काय रे, संपलं?"

फॉर्ममध्ये फोटोंचंही एक पान होतं. उन्हातला फोटो, सावलीतला फोटो, जवळच्या वस्तूचा फोटो. काकांनी खिडकी काढली, बादली काढली, समोरच्या भिंतीवरचं मांजर काढलं. राहिला शेवटचा रकाना, 'माणसाचा चेहरा, घरातल्या उजेडात'. घरात दुसरं माणूस कोण होतं?

त्या दिवशी ताईच्या चष्म्याची नाकावरची गादी निखळली होती. काका खिडकीपाशी बसून ती बसवत होते आणि ताई समोर खुर्चीवर वाट बघत होती. चष्म्याविना तिला पुढ्यातला माणूसही नुसता धुरकट दिसायचा. गादी बसली. चष्मा मांडीवर होता आणि शेजारी तो फोन. काय डोक्यात आलं कोण जाणे, काकांनी फोन उचलून उघडला. खट्. तो आवाज ऐकून ताईने मान वर केली. तिला वाटलं, चष्म्याचं घर उघडलं, आता धाकट्या चष्मा चढवणार. नेहमीसारखी तिने हनुवटी पुढे केली, डोळे मोठे केले आणि हसली. काकांनी बटण दाबलं.

"आण की रे, घाल डोळ्यांवर," ताई म्हणाली.

त्यांनी चष्मा घातला. सांगितलं नाही. लबाडीच होती ती, दुसरा शब्द नाही. सांगू उद्या, हसेल किंवा दोन धपाटे घालेल, असं म्हणत त्यांनी रकान्यात बरोबरची खूण केली आणि लिहिलं, 'चेहरा बऱ्यापैकी येतो'. मग फोन मिटला आणि उघडमीट पुढे चालू केली, कारण आकडा अजून सात हजार नऊशेवरच होता.

नऊ दिवसांनी दुपारी ताई त्या आवाजावर झोपली. काकांनी अकरा हजार तीनशेची रेघ मारली आणि हात दुखला म्हणून थांबले. ताई जागी झाली नाही. आवाज थांबूनही तिने विचारलं नाही, यावरूनच त्यांना कळलं.

पुढचे दोन दिवस लोक आले, बसले, उठून गेले. आतेबहिणीच्या मुलाने ताईचा फोटो मागितला आणि काका म्हणाले, "नाही." मग त्यांना आठवलं. आठवलं आणि ते टेबलाकडे धावले. फोन मिटलेला होता आणि शेजारच्या उघड्या वहीत अकरा हजार तीनशेची रेघ होती.

त्यांनी दोन्ही अंगठे लावून, यंत्रासारखं सरळ, श्वास रोखून झाकण उचललं. ताई होती. देवीचे वण, फूल पडलेला डोळा, पुढे आलेली हनुवटी, आणि काय हसू ते! काकांखेरीज कधी कोणी न पाहिलेला तिचा चष्म्याविनाचा चेहरा. साठ-पासष्ट वर्षांत काकांनी तो रोज पाहिला होता आणि आता दोन बोटं रुंदीच्या पडद्यावर तेवढाच उरला होता. ते लहान मुलासारखे रडले. फोन मिटायला हात पुढे गेला, तेव्हा त्यांनी दुसऱ्या हाताने तो हात धरला.

दुसऱ्या दिवशी एका खोक्यात कापूस घालून त्यात उघडा फोन ठेवून ते कंपनीत गेले. बसमध्ये एकाने विचारलं, पाखरू आहे का? दाढीवाला भेटला, पण तोंड पाडून. साहेबांनी हा फोनच रद्द केला होता. घडीचे मोबाईल आता खपत नाहीत म्हणे. नमुने सगळे मोडीत जायचे होते आणि ते बनवणारा कारखानाही दुसरंच काही बनवायला लागला होता.

"मला फक्त यातला फोटो काढून दे बाबा," काका म्हणाले.

दाढीवाल्याने फोन हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला. चारही कडा नखाने चाचपून पाहिल्या.

"काका, कुठून काढू? कार्ड नाही. वायर लावायला जागा नाही. ब्लूटूथ नाही, नेट नाही. तुम्हीच…"

"मीच सांगितलं होतं. दोनदा रेघ ओढून," काका म्हणाले.

तरी बिचाऱ्याने हातपाय मारले. आतल्या दोघातिघांना विचारलं. खोलून बघता येईल, पण खोलताना पट्टीच तुटेल, आणि मग आतलं सगळं मिळेलच असं कोणी छातीठोक सांगेना. त्याने स्वतःच्या मोबाईलने त्या पडद्याचा फोटो काढला, पाच-सहा वेळा काढला, छापूनही दिला. कागदावर आडव्या रेघा होत्या, वर ट्यूबलाइट होती, आणि काकांचं टक्कल होतं. ताई कुठे होती ते सांगावं लागलं असतं. काकांनी तो कागद घडी घालून खिशात ठेवला, कोणाचं मन कशाला मोडा.

"फोन घेऊन जा, काका. मी फुटला म्हणून लिहितो," दाढीवाला म्हणाला. "पण मिटू नका."

"मला सांगतोस?" काका म्हणाले.

घरी येऊन त्यांनी पहिलं काम केलं ते स्टँडचं. त्यात फोन मिटलेलाच बसायचा, हीही त्यांचीच सूचना, म्हातारी माणसं उघडा टाकतात म्हणून. त्यांनी बारीक करवतीने स्टँडची पुढची भिंत कापली, कानशीने घासली, आणि फोन उघडा ठेवून चार्ज होईल असं केलं. हात अजून हलका होता. फोन फळीवर ताईच्या चष्म्याशेजारी उभा राहिला. बटण दाबलं की ताई यायची, अर्ध्या मिनिटाने पडदा काळा व्हायचा, पुन्हा दाबायचं. फळीवर त्यांनी खडूने लिहिलं, 'मिटू नये'. लिहिलं कोणासाठी? घरात होतं कोण? स्वतःच्या हातासाठीच लिहिलं, आणि हाताला कधी वाचता आलंय?

दोन महिने गेले. आता ते फक्त जेवायला आणि झोपायला उठत, नाहीतर फळीसमोर बसून असत. कधी बोलत. "ताई, फसवलं ग तुला," म्हणत. ती हसत असायची, चष्म्याची वाट बघत. ते तिची क्षमा मागत आणि ती हनुवटी पुढे करून बसलेली. हा तर आणखीच जाच होता, पण तोही त्यांना हवा होता.

एका सकाळी शेजारीण आली. चाळीस वर्षांचा शेजार, ताईची एकुलती मैत्रीण. तिच्या चष्म्याचा स्क्रू ढिला झाला होता आणि एक काडी लोंबत होती.

"भाऊ, एवढं बघता का? मला काही म्हणजे काही दिसत नाही."

काकांना बरं वाटलं. टेबल खिडकीशी ओढलं, डबी काढली. मग म्हणाले, "वहिनी, तुम्हाला एक दाखवायचंय. आधी चष्मा करतो." फळीवरून फोन उचलून त्यांनी टेबलावर आणला, उघडाच, दोन्ही हातांनी. स्क्रू बसवला, काडी तपासली, काचा पुसल्या, आणि चष्मा वहिनींच्या डोळ्यांवर चढवला. मग बटण दाबलं.

वहिनी वाकल्या. "अगं बाई!" त्या म्हणाल्या, आणि त्यांचा हात तोंडावर गेला. "ताई! अहो, चष्म्याशिवाय! फोटोला कशी हो तयार झाली ही? मला तर जन्मात…" त्यांचे डोळे भरून आले. काचांवर धुकं धरलं. त्यांनी चष्मा काढला आणि पदराने डोळे टिपत तो काकांच्या पुढ्यात टेबलावर ठेवला.

काकांनी चष्मा उचलला. काचा पुसल्या, काड्या मिटल्या, चष्मा घरात घातला आणि झाकण लावलं, खट्. आणि त्याच झोकात हात पुढे सरकला, शेजारची दुसरी काळी वस्तू उघडी होती, तीही मिटली. खट्.

दुसरा आवाज ऐकून ते थांबले.

"काय झालं भाऊ?" वहिनींनी विचारलं. "मिटलंत होय? उघडा की, नीट बघते आता."

काकांनी हात सदऱ्याला पुसले. मग त्यांनी दोन्ही अंगठे लावले आणि अगदी सरळ, तसूभरही पिळू न देता, झाकण उचललं. वहीतला हिशोब खरा असता तर अजून शंभरेक वेळा शिल्लक होत्या. पण पट्टी काय वही वाचते? पांढरी रेघ आली. बटण दाबलं तेव्हा उजवीकडे हनुवटी आणि अर्धं हसू दिसलं, थरथरलं, आणि पडदा गेला. त्यांनी पुन्हा दाबलं. पुन्हा दाबलं. खिडकीचा उजेड तेवढा त्या काळ्या पडद्यात दिसत राहिला.

वहिनींना आधी काही उमजेना. मग चष्मा घरातून काढून डोळ्यांवर घातला, तेव्हा फळीवर खडूने लिहिलेलं 'मिटू नये' त्यांना वाचता आलं. त्या मटकन खुर्चीत बसल्या. ताई बसायची तीच खुर्ची.

"माझ्यामुळे झालं हो भाऊ," त्या म्हणाल्या.

"छे," काका म्हणाले. ते स्वतःच्या हाताकडे बघत होते. मग एकदम वहिनींकडे वळले. "वहिनी, तुम्ही पाहिलंत ना? माझ्याशिवाय तुम्हीच एकट्या. काय दिसलं, सांगा. विसरायच्या आत सांगा."

वहिनींनी डोळे मिटून आठवलं.

"हसत होती," त्या म्हणाल्या. "हनुवटी अशी पुढे. काहीतरी मागत असल्यासारखी."

"चष्मा मागत होती," काका म्हणाले, आणि फोन मिटून बाजूला ठेवला.